एक सोयीचा समज आणि शिकागोची सहा केंद्रे

मानसिक आरोग्याचा विषय निघाला की चर्चा फार लवकर एका ठरावीक मुक्कामाला येऊन थांबते. लोक आजार लपवतात, उपचार घ्यायला लाजतात, समाज नावे ठेवतो. तेव्हा जनजागृती करा, लोकांना मोकळेपणी बोलू द्या. अमेरिकेत तर १९४९पासून मे महिना याच जागृतीसाठी राखून ठेवलेला आहे. मराठी वाचकाच्या मनात या समजाला आणखी एक पुरवणी जोडलेली असते. लाज ही आपल्याकडची अडचण, अमेरिकेत ती कधीच मागे पडली, तिथे ज्याला त्याला थेरपिस्ट असतो, असे आपण धरून चालतो.

शिकागो शहराची गेली पंधराएक वर्षे नीट पाहिली तर हे दोन्ही समज उथळ ठरतात. माझे म्हणणे असे आहे की या शहरात उपचार न मिळण्याचे मुख्य कारण लाज हे नाही. लोकांनी उपचार मागितले. नाव सांगून, रस्त्यावर उतरून, अटक पत्करून मागितले. शहराने मात्र अंदाजपत्रकातला एक लहानसा खर्च वाचवण्यासाठी ते काढून घेतले. आणि जे काढून घेतले ते विम्याच्या कार्डाने, अनुदानाने किंवा हेल्पलाइनने भरून निघत नाही. कारण गंभीर मानसिक आजारात ओळखीच्या माणसाकडे वर्षानुवर्षे परत जाता येण्याची खात्री हा उपचाराचाच भाग असतो. अशी खात्री द्यायची तर तिच्यामागे कायद्याने बांधलेले सार्वजनिक उत्तरदायित्व लागते.

१. मागणी होती, याचा पुरावा

२०११च्या नोव्हेंबरमध्ये महापौर राम इमॅन्युएल यांचे पहिले अंदाजपत्रक शिकागोच्या नगरपरिषदेपुढे आले. शहर स्वतः चालवत असलेल्या बारा मानसिक आरोग्य केंद्रांपैकी सहा बंद करण्याची तरतूद त्यात होती. पन्नासच्या पन्नास नगरसेवकांनी ते मंजूर केले. बचत होणार होती सुमारे ३० लाख डॉलरची, आणि शहराचा वर्षाचा खर्च अब्जावधी डॉलरचा होता. २०१२च्या वसंतात केंद्रांना कुलपे लागली. वुडलॉन, ऑबर्न ग्रेशॅम, बॅक ऑफ द यार्ड्स, बेव्हर्ली-मॉर्गन पार्क ही चार केंद्रे शहराच्या दक्षिण भागातली होती. उरलेली दोन उत्तरेकडे, लोगन स्क्वेअर आणि रॉजर्स पार्कच्या बाजूला.

त्यानंतर जे घडले ते 'लोक लाजतात' या सिद्धांतात बसत नाही. १२ एप्रिल २०१२च्या रात्री वुडलॉनच्या केंद्रात रुग्ण आणि कार्यकर्त्यांनी स्वतःला आत कोंडून घेतले. दारांना अडथळे लावले. पोलिसांनी ते तोडून २३ जणांना अटक केली. यातले कित्येक जण वर्षानुवर्षे त्याच केंद्रात उपचार घेणारे होते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचे निदान झालेला माणूस दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणतो की मी इथला रुग्ण आहे, हे केंद्र बंद झाले तर मी जगू शकणार नाही. यापेक्षा मोकळेपणी बोलणे काय असते? जागृतीच्या मोहिमा ज्या धैर्याची वाट पाहत असतात ते वुडलॉनमध्ये आधीच हजर होते, आणि शहराने त्याला बेड्या घातल्या.

दुसरा पुरावा अधिक शांत, पण माझ्या मते अधिक वजनदार आहे. २०११मध्ये इलिनॉय राज्याने एक कायदा केला. शिकागोतल्या एखाद्या परिसराने मतदान करून ठरवले तर तिथले रहिवासी मालमत्ता करात किंचित भर घालून आपल्यापुरते मानसिक आरोग्य केंद्र उभारू शकतात, अशी सोय त्यात आहे. भर किती, तर दर हजार डॉलर करामागे सुमारे ४ डॉलर. २०१२मध्ये वायव्य भागातल्या ऑल्बनी पार्क आणि आसपासच्या वस्त्यांनी हा कर स्वतःवर लावून घेतला. कौल निसटता नव्हता. मोठ्या बहुमताने तो लागला. त्या पैशावर २०१४मध्ये केडझी सेंटर सुरू झाले आणि परिसरातल्या रहिवाशांना तिथे मोफत उपचार मिळू लागले. २०१६मध्ये पश्चिम भागातल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांनी तसाच कौल दिला, तोही प्रचंड बहुमताने. अमेरिकेत स्वतःचा मालमत्ता कर वाढवण्याच्या बाजूने मत देणे ही साधी गोष्ट नाही. ज्या समाजाला या विषयाची लाज वाटते, तो त्यासाठी कराची पावती फाडत नाही.

तिसरा पुरावा पाहणीचा. दक्षिण-पश्चिम भागातल्या दहा वस्त्यांत, जिथे मेक्सिकन आणि इतर लॅटिनो कुटुंबे बहुसंख्य आहेत, काही सामाजिक संस्थांनी मिळून २०१८मध्ये दोन हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. व्यावसायिक मदत घ्यायला तयार असल्याचे दर पाचातल्या सुमारे चौघांनी सांगितले. अडचण काय, या प्रश्नाच्या उत्तरात सर्वांत वर खर्च होता. विमा नसणे आणि घराजवळ सोय नसणे ही कारणेही ठळक होती, लाज बरीच खाली होती. त्याच अहवालात मानसोपचार करणाऱ्या परवानाधारकांचे प्रमाणही मोजलेले होते. सरोवराकाठच्या श्रीमंत गोल्ड कोस्टमध्ये हजार रहिवाशांमागे चाराहून अधिक, आणि या दक्षिण-पश्चिम वस्त्यांत हजारांमागे एक पूर्ण माणूससुद्धा नाही. त्याच शहरात श्रीमंत स्ट्रीटरविल आणि गरीब एंगलवूड या दोन वस्त्यांच्या सरासरी आयुर्मानात सुमारे ३० वर्षांचा फरक असल्याचे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवले होते. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम नऊ-दहा मैलांचे.

२. लाजेचा सिद्धांत कोणाला सोयीचा आहे

लाज अस्तित्वातच नाही असे मी म्हणत नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, लॅटिनो घरांत, नेपरविल आणि शॉमबर्गसारख्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतही ती आहे. मुलाच्या नैराश्याची गोष्ट पुण्याच्या आजीपर्यंत पोचू नये म्हणून धडपडणारे आईवडील तिथेही सापडतील. पण लाज हे मुख्य कारण मानले की जबाबदारी कुठे जाऊन पडते ते पाहिले पाहिजे. ती आजारी माणसावर पडते: त्याने बोलायला हवे होते, पुढे यायला हवे होते. मग शहराचे काम पत्रके छापण्यापुरते उरते, आणि पत्रके केंद्रांपेक्षा कितीतरी स्वस्त असतात.

शिवाय लाज आणि उपचाराची वाट यांचे नाते आपण उलटे लावतो. ज्या वस्तीत मानसिक उपचारांशी पहिली गाठ पोलिसांच्या गाडीतून पडते, तिथे शेजाऱ्यांसमोर हातकड्या पडण्याची भीती ही पूर्णपणे वाजवी भीती असते. तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. कोपऱ्यावरच्या साध्या इमारतीत, दाताच्या डॉक्टरकडे जावे तसे जाता आले, तर त्या भीतीचे कारणच उरत नाही. ऑल्बनी पार्कमध्ये लोकांनी मतपेटीतून हेच सांगितले.

३. हा निर्णय एका महापौराचा नव्हता

इमॅन्युएल यांच्यावर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण २०१२ची कुलपे एका जुन्या वचनभंगाची शेवटची कडी होती.

१९५५मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. शिकागोच्या वायव्य टोकाला असलेले डनिंग हे त्यातलेच एक नाव. तिथे पाठवू अशी धमकी शिकागोत पिढ्यान्पिढ्या मुलांना दिली जाई. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५४मध्ये अमेरिकेत आले, रुग्णालयांतल्या हालांच्या बातम्या बाहेर आल्या, आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी समुदाय मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालये रिकामी करायची आणि देशभर वस्त्यावस्त्यांत सुमारे १,५०० केंद्रे उभारायची, असा तो बेत होता. बेताचा पहिला अर्धा भाग पुरा झाला. केंद्रे मात्र ठरल्याच्या निम्म्याच्या आसपास झाली. मूळ पैसा इमारतींसाठी होता. कर्मचाऱ्यांच्या पगाराला नंतर मिळालेली मदतही दरवर्षी घटत जाणारी होती, कारण पुढे कोणीतरी स्थानिक पातळीवर भार उचलेल असे गृहीत धरले होते. १९८०मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ही केंद्रे सावरण्यासाठी नवा कायदा केला. १९८१मध्ये रेगन सरकारने त्यातली बहुतेक तरतूद मोडून पैसा एकत्रित, कमी केलेल्या अनुदानात राज्यांकडे सोपवला.

शिकागोत या सगळ्याचा अर्थ अपटाउन भागात उघड दिसला. साठ-सत्तरच्या दशकांत रुग्णालयांतून सोडलेल्या हजारो माणसांची रवानगी तिथल्या स्वस्त हॉटेलांत आणि खासगी शुश्रूषागृहांत झाली. एका भिंतीतून काढून दुसऱ्या भिंतीत ठेवण्याचाच हा प्रकार होता, फक्त दुसरी भिंत नफ्यावर चालणारी होती. याची कायदेशीर कबुली फार उशिरा मिळाली. मानसिक आजार असलेल्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या अशा खासगी संस्थांतल्या सुमारे ४,५०० रहिवाशांच्या वतीने २००५मध्ये दावा दाखल झाला. समाजात राहण्याचा पर्याय त्यांना देण्याचे इलिनॉय राज्याने न्यायालयाच्या देखरेखीखाली मान्य केले ते २०१०मध्ये.

या पार्श्वभूमीवर शहराच्या स्वतःच्या केंद्रांचे मोल कळते. ऐंशीच्या दशकात ती १९ होती, मग १२ झाली, मग ६, आणि त्यातले रोझलंडचे केंद्र कुक काउंटीकडे गेल्यावर ५. सत्तावीस लाख वस्तीच्या शहरात पाच. २०१२च्या उन्हाळ्यात राज्याने टिनली पार्कचे मनोरुग्णालय बंद केले. जुलै २०१५ ते जुलै २०१७ अशी दोन वर्षे राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्या भांडणात इलिनॉयला पूर्ण अंदाजपत्रकच नव्हते, आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या कित्येक सेवाभावी संस्थांनी कार्यक्रम गुंडाळले. केंद्रे बंद करताना शहराने रुग्णांना 'इतर सेवादात्यांकडे' जायला सांगितले होते. त्या इतरांवर पुढच्या पाच वर्षांत काय ओढवले ते हे असे.

४. सातत्य हाच उपचाराचा गाभा

मतभेदाचा खरा मुद्दा इथे आहे. शहराचे म्हणणे होते की आम्ही रुग्णांना वाऱ्यावर सोडलेले नाही, उरलेल्या केंद्रांत किंवा खासगी संस्थांत त्यांची सोय केली आहे. कागदावर जागा तेवढ्याच होत्या. हा युक्तिवाद उपचाराला सुटी वस्तू समजतो, इथे संपली तर तिथून घ्यावी अशी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला ते कदाचित लागू पडेल. स्किझोफ्रेनियाला पडत नाही, आणि का पडत नाही हे तपशिलात सांगायला हवे.

ज्याला आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे असे वाटते, त्या माणसाच्या आजाराचे स्वरूपच मुळी अविश्वासाचे असते. समोरच्या समुपदेशकावर विश्वास बसायला त्याला वर्ष लागते, कधी दोन. त्या विश्वासावर पुढचे सगळे उभे असते. महिन्याला घ्यायचे इंजेक्शन तो घ्यायला येतो, ते त्या ओळखीच्या माणसामुळे. औषधाने वजन वाढले, हात थरथरतात, झोप लागत नाही हे तो सांगतो आणि डोस बदलता येतो. नाही सांगितले तर एक दिवस तो औषध बंद करतो, आणि हे कोणालाच कळत नाही. लिथियम घेणाऱ्याला रक्तातले प्रमाण नियमित तपासावे लागते. बाकी औषधे निरुपयोगी ठरल्यावर देतात त्या क्लोझापिनला तर सुरुवातीचे सहा महिने दर आठवड्याला रक्ततपासणी करण्याचा प्रघात आहे. ही आठवड्याची फेरी चालत पोचता येईल अशा केंद्रात होणे वेगळे. जानेवारीच्या शिकागोत, शून्याखाली वीस अंशांच्या वाऱ्यात, दोन बस बदलून आणि अनोळखी टोळीच्या हद्दीतून जाऊन ती करणे वेगळे. दक्षिण भागात ही हद्द नकाशावर नसते, पण तरुण मुलांना ती रस्त्यागणिक पाठ असते.

केंद्रात आणखी एक गोष्ट असते, जिची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही. दाराशी बसलेली बाई नेहमीच्या माणसाला नावाने ओळखते. तो दोन मंगळवार आला नाही तर तिच्या ते ध्यानात येते. कोणीतरी फोन करते, कोणी घरी जाऊन येते. आजार उफाळण्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते: माणूस दिसेनासा होतो. ज्या व्यवस्थेत तो कोणाच्याच ओळखीचा नाही, तिथे त्याचे न दिसणे कोणाला दिसणार? वुडलॉनच्या रुग्णांनी दारे अडवली ती या ओळखीसाठी. फेररचनेच्या आराखड्यात तिला रकानाच नव्हता.

५. गरज नाहीशी होत नाही, ती तुरुंगात जाते

शिकागोच्या सव्वीसाव्या रस्त्यावर, कॅलिफोर्निया अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर कुक काउंटीचा तुरुंग आहे. तिथले शेरीफ टॉम डार्ट अनेक वर्षे जाहीरपणे सांगत आले आहेत की त्यांच्या ताब्यातल्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश मानसिक आजाराची असतात आणि आपण देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक चालवतो आहोत. २०१५मध्ये त्यांनी या तुरुंगाची सूत्रे एका क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाकडे, डॉ. नेका जोन्स टपिया यांच्याकडे दिली. नेमणूक योग्यच होती. पण ज्या शहरात केंद्र बंद पडते आणि तुरुंगप्रमुख म्हणून मानसशास्त्रज्ञ लागतो, त्या शहराने मागणी नसल्याचे सांगू नये.

आत येणाऱ्यांचे गुन्हे पुष्कळदा क्षुल्लक असतात: दुकानातून खाण्याची वस्तू उचलणे, बंद इमारतीत झोपणे. त्यांना आत पहिल्यांदा तपासले जाते, औषध सुरू होते. ओबामांच्या आरोग्य कायद्यानंतर काउंटीने तुरुंगाच्या दाराशीच मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात लोकांची नावनोंदणीही सुरू केली. मात्र माणूस आत असेपर्यंत मेडिकेड जवळजवळ काहीच देत नाही, आणि तो बाहेर पडतो तेव्हा कार्ड घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न असतो. त्याच्या वस्तीतले केंद्र बंद झालेले असते. काही आठवड्यांत औषध सुटते आणि तोच माणूस पुन्हा सव्वीसाव्या रस्त्यावर येतो.

तुरुंगापर्यंत न पोचणारेही असतात. २०१५च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पश्चिम भागातल्या एका घरातून पोलिसांना फोन गेले. १९ वर्षांचा मुलगा भ्रमिष्टासारखा वागत होता. आलेल्या पोलिसाने गोळ्या झाडल्या. मुलगा गेला, आणि दार उघडायला आलेली खालच्या मजल्यावरची ५५ वर्षांची निरपराध शेजारीणही गेली. मानसिक संकट हाताळण्याचे प्रशिक्षण शिकागो पोलिसांत तेव्हा दहाएक वर्षांपासून सुरू होते. प्रशिक्षण वाईट होते असे माझे म्हणणे नाही. पहाटे साडेचारला घरात शिरणाऱ्या बंदूकधारी अनोळखी माणसाकडून जी अपेक्षा आपण करतो आहोत, ती मुळात आदल्या महिन्यातल्या ओळखीच्या समुपदेशकाकडून करायची असते.

इलिनॉयने २०२१मध्ये कायदा करून मानसिक संकटाच्या कॉलवर पोलिसांऐवजी मानसिक आरोग्य कर्मचारी पाठवण्याचे तत्त्व मान्य केले, शिकागोनेही त्याच वर्षी अशा कॉलसाठी फिरती पथके सुरू केली (त्यांत सुरुवातीला पोलीसही होते), आणि जुलै २०२२पासून ९८८ हा तीन अंकी क्रमांक देशभर चालू झाला. ही सुधारणा खरी आहे. पण पथक माणसाला शांत करते आणि मग त्याला कुठेतरी न्यावे लागते. जाण्याजोगी जागा नसेल तर ते त्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातच सोडते.

६. चार आक्षेप

*विमा मिळाला की प्रश्न मिटतो.* ही शहराची सर्वांत भक्कम बाजू होती. मेडिकेडचा विस्तार होणार, मग गरिबाला कुठल्याही दवाखान्यात जाता येईल, शहराने वेगळी केंद्रे का चालवावीत? पण मेडिकेडचे दर इतके कमी की खासगी मानसोपचार करणारे पुष्कळ जण ते रुग्ण घेतच नाहीत. विमा कंपन्यांच्या याद्यांतली नावे फोन केल्यावर 'नवे रुग्ण घेत नाही' असे सांगतात, हा अनुभव नोकरीचा चांगला विमा असलेल्या उपनगरातल्या कुटुंबांनाही येतो. आणि कार्ड हे राजकीय मर्जीवर चालते. इलिनॉयने २०२२मध्ये कागदपत्रे नसलेल्या ४२ ते ६४ वयाच्या स्थलांतरितांना आरोग्य संरक्षण दिले आणि १ जुलै २०२५ला खर्चाचे कारण देऊन ते बंद केले. दक्षिण-पश्चिम वस्त्यांत ज्यांनी त्या तीन वर्षांत पहिल्यांदा मानसोपचार सुरू केले असतील, त्यांचा आजार त्या तारखेला संपलेला नव्हता. शहराच्या केंद्रांत कार्ड आणि कागदपत्रे न विचारता उपचार होतात, हा या केंद्रांचा अनमोल गुण आहे.

*सेवाभावी संस्थांना अनुदान देऊन अधिक लोकांपर्यंत पोचता येते.* महापौर लोरी लाइटफूट यांनी हाच मार्ग धरला. बंद केंद्रे त्यांनी उघडली नाहीत. डझनावारी संस्थांना पैसे दिले, शहराच्या सर्व ७७ वस्ती-विभागांत सेवा नेण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि सेवा मिळालेल्यांची संख्या पटींनी वाढल्याचे शहराच्या आरोग्य विभागाने सांगितले. या संस्थांतले लोक मनापासून काम करतात आणि वस्तीची भाषा बोलतात. मी त्यांना कमी लेखत नाही. प्रश्न संख्येत काय मोजले जाते हा आहे. एकदा भेटलेला माणूस आणि चार वर्षे उपचारात असलेला माणूस एकाच रकान्यात एक म्हणून मोजले जाणार असतील, तर वाढ दाखवण्याचा सोपा मार्ग पहिल्या प्रकारची माणसे वाढवणे हाच असतो. शिवाय हा विस्तार मोठ्या प्रमाणात महामारीच्या काळातल्या केंद्रीय मदतीवर उभा होता, आणि तो पैसा ३१ डिसेंबर २०२६पर्यंत संपवायचा आहे.

*कर्मचारीच मिळत नाहीत.* हे खरे आहे, आणि केंद्रे पुन्हा उघडण्याची मागणी करणाऱ्यांनी याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. मनोविकारतज्ज्ञ देशभर अपुरे आहेत; रोख पैसे मोजणारा गोल्ड कोस्टचा रुग्ण सोडून कोणी रोझलंडला का यावे? पण माणसे पगारासाठी येतात तशी स्थैर्यासाठीही येतात. जे केंद्र पुढच्या अंदाजपत्रकात असेल की नाही हे माहीत नाही, तिथे हुशार माणूस टिकत नाही. १९८१पासूनची अस्थिरता हे टंचाईचे एक कारणच आहे, तेव्हा टंचाई पुढे करून अस्थिरता चालू ठेवणे म्हणजे त्याच वर्तुळात फिरणे. शहराने समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्या केंद्रांत प्रशिक्षण देऊन, शिक्षणकर्जाचा भार उचलून बांधून घेतले पाहिजे. याला दहा वर्षे लागतील.

*खरा आजार गरिबीचा आणि हिंसेचा आहे.* चारांतला हाच आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. २०१३मध्ये, केंद्रे बंद केल्याच्या पुढच्याच वर्षी, शिकागोने सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या; बहुतेक त्याच दक्षिण आणि पश्चिम वस्त्यांत. गोळीबारात भाऊ गमावलेल्या, शाळा गमावलेल्या मुलीच्या निद्रानाशाला गोळ्या देऊन आपण कोणता आजार बरा करणार आहोत? समाजाने केलेल्या जखमेला मेंदूतला बिघाड म्हणण्याचा धोका खरा आहे. तरीही ती मुलगी आज रात्री झोपलेली नाही. वस्ती सुधारेपर्यंत तिने वाट पाहावी असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि वस्तीतले चांगले केंद्र गोळ्या देण्याचे दुकान नसते; घरमालकाची नोटीस, शाळेशी बोलणी, कोर्टाची तारीख या सगळ्यात ते सोबत करते. शाळा आणि केंद्र एकाच हाताने, एकाच वस्तीतून काढले गेले. परत आणतानाही त्यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

७. आता पैशाचा प्रश्न

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये सहा, वीस आणि तेहतीस क्रमांकाच्या वॉर्डांत मतदारांना विचारले गेले की केंद्रे पुन्हा उघडावीत का आणि संकटाच्या कॉलवर पोलिसांऐवजी आरोग्य कर्मचारी पाठवावेत का. बंधनकारक नसलेल्या त्या कौलात ९० टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. हीच मागणी घेऊन ब्रँडन जॉन्सन २०२३मध्ये महापौर झाले. २०२४मध्ये त्यांनी रोझलंडचे केंद्र पुन्हा उघडण्याची, पिल्सनच्या आरोग्य केंद्रात आणि पश्चिम भागातल्या लेग्लर ग्रंथालयात मानसोपचार सुरू करण्याची घोषणा केली; रोझलंडचे दार त्यानंतर उघडलेही. फिरत्या पथकांतून पोलीस वगळले गेले. बारा वर्षांनी दिशा बदलली आणि त्याचे श्रेय वुडलॉनच्या रुग्णांना आहे.

पण एका अंदाजपत्रकाने उघडलेले दुसरे अंदाजपत्रक बंद करू शकते. यावर आजवर सापडलेला खरा तोडगा केडझी सेंटरचा आहे: पैसा करातून थेट, फक्त याच कामासाठी, आणि त्याच्या खर्चावर रहिवाशांच्या मंडळाची देखरेख. महापौर बदलला तरी तो हलत नाही. या पद्धतीत एक दोष मात्र आहे आणि तो लपवता येणार नाही. मालमत्ता कराची तीच टक्केवारी उत्तरेकडच्या सुखवस्तू वस्तीत जेवढा पैसा उभा करते, तेवढा एंगलवूडमध्ये करत नाही, कारण तिथल्या घरांना किंमतच उरलेली नाही. आणि गरज तर एंगलवूडमध्ये अधिक आहे. म्हणून वस्तीवस्तीने वेगळा कर हा मार्ग पुढे नेऊन उपयोग नाही. राज्याने कायदा बदलून तीच तरतूद संपूर्ण शहराला एक मानून लागू करावी, पैसा एका निधीत जमा करावा, आणि गोल्ड कोस्टच्या इमारतींवर बसलेला कर रोझलंड, एंगलवूड आणि लिटल व्हिलेजमध्ये खर्च व्हावा, असे त्यात लिहून ठेवावे. त्याला गोल्ड कोस्टमधून विरोध होईल. तो विरोध अंगावर घेण्याची तयारी आहे का, एवढेच नगरपरिषदेच्या पन्नास सदस्यांना आणि स्प्रिंगफील्डमधल्या राज्य विधिमंडळाला विचारायचे आहे.